बिनआवाजाचे बबनभाऊ

कामरगावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांत गेल्या तीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यातलं एकही बबनभाऊंनी होकार दिल्याशिवाय लागलं नाही. वर-वधू समोरासमोर उभे, हातात हार, मंगलाष्टकांचा शेवटचा चरण भटजींच्या ओठावर, आणि तेवढ्यात बबनभाऊंचा हात वर. "थांबा. नवरदेव हसला नाई." भटजी थांबत. बँडवाले थांबत. नवरदेव बिचारा दात दाखवी. मग हात खाली येई आणि लग्न पुढे सरके. एकदा तर बॅटरी संपली म्हणून त्यांनी लागलेलं लग्न पुन्हा लावायला लावलं. लोकांनी खाली पडलेल्या अक्षता गोळा करून दुसऱ्यांदा टाकल्या. नवरीची आई म्हणाली, "भाऊ, मुहूर्त गेला ना." भाऊ म्हणाले, "बाई, मुहूर्त पंधरा मिन्टांचा असते, क्यासेट जन्मभराची."

लग्नाचं शूटिंग हा त्यांचा धंदा. उंची पाच फूट दोन इंच, म्हणून सोबत एक प्लास्टिकचं स्टूल. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, ऐन मे महिन्यातसुद्धा. त्या खिशांत वायरी, सेल, बडीशेप, आणि एक छोटा कंगवा. कंगवा स्वतःसाठी नव्हता, भाऊंना टक्कल होतं. तो नवरदेवाच्या बापासाठी.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि त्यांच्या घराला लागून राहायचो. भाऊ बोलके. सकाळी दात घासताना कुंपणापलीकडून सुरू होत ते शाळेची घंटा होईपर्यंत. त्यांच्या घरून मात्र दुसरा आवाज कधी यायचा नाही. भाऊंच्या पत्नी, सिंधूवयनी, बोलतच नसत. आमच्या मंदाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, त्या "हो", "नाई" आणि "पाह्यतो" एवढ्यावर भागवत. भाऊंशी तेवढंही नाही. भाऊ ओरडत, "चहा झाला काय?" उत्तरादाखल चहा येई. गाव म्हणायचं, बाईचा स्वभावच चूप आहे. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

एवढा बोलका माणूस, पण आवाजावर त्याचा भारी राग. त्याला कारण होतं. इंझोरीच्या एका लग्नात भाऊंनी नवीन माईक नेला. जेवणाच्या पंगतीत माईक चालूच राहिला. महिन्याभरानं दोन्ही घरचे एकत्र बसून क्यासेट पाहायला लागले, तर पडद्यावर नवरी घास भरवते आहे आणि मागून मुलाच्या आत्याचा खणखणीत आवाज: "पोरगी काळी त काळी, वरन नाकात बोलते." पोरीच्या मामानं टीव्ही बंद केला आणि चप्पल काढली. पोरगी चार महिने माहेरी राहिली. ती नांदायला परत आली, पण भाऊंनी माईक कपाटात टाकला तो कायमचा. त्यानंतरच्या त्यांच्या सगळ्या लग्नांत माणसं नुसती ओठ हलवत आणि वरून सनई वाजे. "सर, आवाज म्हंजे भांडन," ते मला सांगत. "चित्रात मानूस कसा छान दिसते. तोंड उघडलं का सपलं."

अशा माणसाच्या हातात मुलीनं नागपूरहून स्मार्टफोन पाठवला आणि त्यावर त्यांना एक दिवस मूकपट सापडला. कुठल्यातरी परदेशातला, शंभर वर्षांपूर्वीचा. ते चपला न घालता माझ्याकडे आले.

"सर, पिच्चर हाय आन् आवाजच नाई. आवाज खराब नाई, नाईच. मधी मधी पाट्या येते लिहेल."

"मूकपट म्हणतात त्याला."

"मंग मले आतापरेंत काहून नाई सांगतलं?"

पुढचे आठ दिवस ते फक्त मूकपट पाहत होते. नवव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपण मूकपट काढणार. वाळवंटातला. एक मिठाचा व्यापारी, त्याची बायको, आणि व्यापाऱ्याचा मित्र. व्यापारी उंटावर मीठ लादून लांब जातो, मित्र तंबूत पाणी आणून द्यायला येऊ लागतो, बायकोचा जीव त्याच्यावर जडतो. व्यापारी परत येतो, त्याला कळतं, तो बायकोला तंबूबाहेर काढतो आणि ती उन्हात चालत चालत मरून पडते.

मी विचारलं, "भाऊ, हा असला विषय कशाला?"

"तीस वर्सं मी लग्नंच काढले, सर. लग्नाच्या बादचं काई काढलंच नाई."

पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण फळ्यावरचं माझं अक्षर गावात मानलं जातं. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या रंगानं लिहायचं. व्यापारी ते स्वतः होणार होते. मित्राच्या कामासाठी मांडववाला सुधाकर धरून आणला. तो उंच, मिशीवाला, आणि पोरींच्या लग्नात पोरींपेक्षा जास्त वेळ आरशासमोर असणारा. अडलं ते बायकोच्या कामावर. कामरगावात कोण बाई असं काम करणार? भाऊंनी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. एका ठिकाणी नुसतं पाणी मिळालं, एका ठिकाणी दार लावून घेतलं, तिसऱ्या ठिकाणी बाईचा नवरा म्हणाला, "मी करू काय?"

संध्याकाळी ते कुंपणाशी उभे राहून मला हे सांगत होते. सिंधूवयनी तांदूळ निवडत होत्या. सुपातून डोळे न काढता म्हणाल्या, "मी करतो."

भाऊंना आधी वाटलं, मीच बोललो.

"तू?"

"हो."

"छप्पन वर्साची हायेस तू."

"वाळवंटात कोन पाह्यते?" मग त्यांनी विचारलं, "ते बाई मरते कायले?"

"पाप केलं म्हनून."

"आन् तो मित्र?"

भाऊंनी याचा विचार केलेला नव्हता. "तो... जाते कुठी तरी."

"बरं," वयनी म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. सलग एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली होती.

वाळवंट गावाजवळच सापडलं. उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या पोटात रेतीचा एक मोठा पट्टा उघडा पडतो. उंटही मिळाला. दरवर्षी उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन काठेवाडी येतात, त्यांच्याजवळ उंट असतात. त्यांचा म्हातारा आधी तयार होईना. भाऊंनी त्याच्या सगळ्या कुटुंबाला रांगेत बसवून, कंगवा फिरवून एक फोटो काढला. म्हातारा तो फोटो पाहून बराच वेळ हसला आणि उंटाची दोरी भाऊंच्या हातात दिली. अडचण एकच होती, वाळवंटाच्या मागे मोबाईलचा टॉवर दिसत होता. भाऊंनी तीन दिवस उंटाला टॉवरच्या पुढे उभं केलं. म्हणून त्या चित्रपटात कोणी येवो, जावो की प्रेम करो, उंट एकाच जागी उभा आहे.

सुधाकरला काम फार अवघड गेलं. वयनींसमोर गुडघे टेकून, हात छातीवर ठेवून प्रेमानं काहीतरी बोलायचं होतं. भाऊंनी सांगितलं, "काई बी बोल. आवाज येतच नाई. फक्त ओठ हालले पायजे." तरी सुधाकरच्या कपाळावर घाम. तो जे बोलला ते मी जवळ असल्यानं ऐकलं: "वयनी, उंट माह्या फेट्याले लागला. वयनी, भाऊले सांगा ना." आणि खरंच, मागून उंट त्याच्या हिरव्या फेट्याचं टोक चावत होता. वयनी दूर क्षितिजाकडे बघत राहिल्या. काम त्यांना फार चांगलं जमलं. एकोणीस वर्षं चूप बसल्याचा सराव होता, हे मला नंतर कळलं.

शेवटचा प्रसंग तिसऱ्या दिवशी दुपारी होता. व्यापारी परत येतो, बायकोला जाब विचारतो, बाहेर काढतो. भाऊ समोर अभिनयाला, म्हणून कॅमेरा माझ्याकडे. वाळवंट मोठं दिसावं म्हणून त्यांनी कॅमेरा शंभर पावलं लांब लावला होता. झूम ओढून दोघांचे चेहरे बरोबर चौकटीत बसवून दिले आणि मला बजावलं, "काई बी झालं तरी बंद करू नका. मी हात वर केला का मंगच."

मी बटन दाबलं. भाऊ तावातावानं चालत आले, बोट रोखलं, दोन-तीन वाक्यं बोलले. मग वयनी बोलू लागल्या. वारा सुटला होता, माझ्यापर्यंत एक अक्षर पोहोचत नव्हतं. वयनी बोलतच होत्या. भाऊंचं बोट हळूहळू खाली आलं. वयनी एक पाऊल पुढे आल्या, भाऊ एक पाऊल मागे गेले. मग भाऊंनी मान खाली घातली. डोक्यावरचं मुंडासं सुटून रेतीवर पडलं, ते त्यांनी उचललं नाही. एकदा त्यांचे ओठ थोडे हलले. वयनी वळल्या, तंबूत गेल्या आणि तंबूचा पडदा आतून ओढून घेतला. व्यापारी बाहेर उन्हात उभा. हात काही वर होईना. मी कॅमेरा चालू ठेवला. शेवटी काठेवाडी म्हातारा येऊन उंट घेऊन गेला आणि मागे टॉवर दिसायला लागला, तेव्हा मीच बटन बंद केलं.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. वयनींचं ठीक होतं, पण भाऊसुद्धा.

दोन दिवसांनी ते कुंपणाशी आले, दात न घासताच. "सर, शेवटची पाटी बदलाची हाय."

मी लिहिलेली पाटी मला फार आवडली होती: 'कुलटे, माझ्या तंबूतून चालती हो.' मी म्हणालो, "का बरं?"

"चित्र तसं नाई निंगालं."

"मग पुन्हा काढू ना."

"उंट गेला." मग कुंपणाची तार बोटानं वाकवत म्हणाले, "आन् तो सीन कापाचा बी नाई. अख्ख्या पिच्चरमधी तेवढाच एक खरा हाय. तुमी लिहा: चुकलं माझं."

"हे कोण म्हणतं? ती की तो?"

"तुमी लिहा ना, सर."

मी लिहून दिलं. मला वाटलं, दिग्दर्शकाचं डोकं फिरलं.

चित्रपट आमच्या शाळेच्या सभागृहात दाखवला, एका रविवारी दुपारी. सुधाकरनं खिडक्यांना मांडवाचे काळे पडदे लावले. अर्धं गाव आलं, बायका जास्त. सिंधूवयनी पहिल्या रांगेत, इस्त्रीचं पातळ नेसून. भाऊ मागे प्रोजेक्टरशी स्टुलावर.

बायकांच्या तिसऱ्या रांगेत कांता बसली होती. कांता ब्लाऊज शिवते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. लहानपणी ती अमरावतीला अशा मुलांच्या शाळेत होती आणि तिथं ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दुपारी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

प्रेमाचा प्रसंग आला. सुधाकर गुडघ्यावर, हात छातीवर, पडद्यावर माझी पाटी: 'हे सुंदरी, तुझ्याविना हे वाळवंट अधिकच कोरडे भासते.' सभागृह शांत. आणि कांता फसकन हसली. एवढी हसली की शेजारणीनं तिला चिमटा काढला. कांतानं तिच्या डोक्यावरून फेटा ओढल्याची आणि उंटासारखं चघळल्याची खूण केली. मी मागे उभा होतो. कांता पाटी नव्हे, ओठ वाचत होती. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ कांताकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं. प्रोजेक्टरचं बटन त्यांच्या हाताजवळ होतं. त्यांनी तिकडे हात नेला, थोडा वेळ ठेवला, आणि परत मांडीवर घेतला.

शेवटचा प्रसंग सुरू झाला. वयनींचा चेहरा पडदाभर. त्या बोलत होत्या आणि व्यापाऱ्याची मान खाली जात होती. पाटी आली: 'चुकलं माझं.' एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "बाप्पा, पाप त बाईनं केलं ना? मंग हा काहून माफी मांगून राह्यला?" लोक हसले. कांता आता हसत नव्हती. ती उठली, रांगांमधून वाट काढत पहिल्या रांगेत गेली, सिंधूवयनींच्या पायाशी खाली बसली. तिनं त्यांचा हात घेतला, उताणा केला, आणि आपल्या बोटानं तळहातावर मेंदीची वेल काढली. वयनींनी तिच्याकडे पाहिलं. मग हात सोडवून न घेता पडद्यावर, तंबूबाहेर उन्हात उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे बघत बसल्या.

पुढचं मला मंदानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कांताच्या ओसरीवर बायका जमल्या. कांता काही सांगेना, नुसती मशीन चालवत बसली. तेवढ्यात सिंधूवयनी स्वतःच आल्या. कांतासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "सांग तू. मले सांगाले लाज वाटते. पन मले सांगाचं हाय."

मग कांतानं सांगितलं, हातांनी. आधी तिनं डोळ्याला कॅमेरा लावला. म्हणजे भाऊ. मग लग्न. मग बसस्टँडाच्या दिशेनं हात: मालेगावचं लग्न. तीन बोटं: तीन दिवस. मग तळहातावर मेंदी. बायका ओळखत गेल्या, जसं हळदीच्या दिवशी कोडी घालतात तसं. मेंदी काढणारी बाई. अकोल्याची. कांतानं कॅमेरा नवरीकडे वळवला आणि लगेच मेंदीवालीकडे. पुन्हा नवरीकडे, पुन्हा मेंदीवालीकडे, आणि तिथंच ठेवला. शेवटी एक गोष्ट हातांनी सांगता येईना, तेव्हा तिनं शिलाईचा खडू घेतला आणि कापलेल्या काळ्या कापडावर वयनींचं वाक्य लिहिलं: 'क्यासेटमधी नवरीपेक्षा तेच बाई जास्त काहून?'

वयनींकडे कोणी चुगली केली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी क्यासेटवर नावं लिहिण्याचं काम त्या करत. मालेगावच्या लग्नाची क्यासेट लावली आणि त्यांनी पाहिलं. आवाज नव्हता, सनई होती. कॅमेरा त्या बाईच्या हातावर जाई, तिथून वर चेहऱ्यावर, आणि तिथं थांबे. त्या वर्षी भाऊंचा कॅमेरा चार वेळा बिघडला आणि चारही वेळा दुरुस्तीला अकोल्यालाच न्यावा लागला.

"क्यामेरा चांगला होता," वयनी ओसरीवर म्हणाल्या. "बिघडेल तुमीच होते, असं मी त्यायले तठी तलावात सांगतलं."

"एवढे वर्सं काहून नाई बोलल्या?" मंदानं विचारलं.

"बोलली असती त रडली असती. त्यांच्यासमोर मले रडाचं नव्हतं. मंग चूप राह्याची आदतच पडली. तठी रेतीत ते म्हने, काई बी बोल, आवाज येत नाई. मी म्हनलं, मंग घ्या."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सुधाकर दोन दिवस भाऊंच्या घरावरून गेला नाही. तो त्या भानगडीत कुठंच नव्हता, पण मित्राचं काम केलं म्हणून त्यालाच अपराधी वाटत होतं. मी भाऊंना गाठलं. ते अंगणात स्टुलावर बसून लसूण सोलत होते.

"भाऊ, गाव हसतंय. त्रास होतोय का?"

"होते ना." ते पाकळीवरची साल नखानं काढत राहिले. "पन सर, मले वाटे का तिले काईच माईत नाई. मी आपला हुशार समजून फिरलो. तिनं मले एकोनीस वर्सं वाढून देल्लं, आन् दररोज तिले माईत होतं. ते मले लय लागलं. गाव हसलं तरी तेवढं नाई लागत."

"ती अकोल्याची बाई?"

"तिनं तवाच लगन केलं, सर. शूटिंग दुसऱ्यानं केलं."

एवढं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते त्यांनी लगेच आवरलं, कारण दारात वयनी उभ्या होत्या. वयनी म्हणाल्या, "तेवढा लसूण सोलाले सकाळ लागन काय?" आणि मला म्हणाल्या, "सर, तुमी बसा. हे मोठ्या गोठी सांगते आन् काम टाळते. आत्ता बी तेच करून राह्यले." मग त्यांनी मला बसवून ठेवून, भाऊंच्या टाळाटाळीचे इतक्या वर्षांतले किस्से सांगितले, एकामागोमाग एक. भाऊ मान खाली घालून लसूण सोलत होते. मधे एकदा ते हळूच म्हणाले, "आता रोज असं हाय." तक्रार होती की फुशारकी, मला ओळखता आलं नाही.

त्या वर्षी ते बऱ्याच लग्नांना वयनींना सोबत नेत. वयनी लाईट धरत. बबनभाऊंचा कॅमेरा जरा कुठं रेंगाळला की लाईट तिथून निघून जाई. पुढे भाऊंच्या छातीत दुखायला लागलं, पायऱ्या चढवेनात, आणि मुलीनं दोघांना नागपूरला बोलावून घेतलं. दोन महिन्यांनी तिकडेच ते गेले. फोन वयनींनीच केला. अर्धा तास बोलल्या.

मला मात्र आठवतो तो त्यांच्या निघण्याचा दिवस. बसस्टँडवर मी सामान चढवायला गेलो होतो. तुरीच्या डाळीचं पोतं, पापडांचा डबा, एक कुंडी. वयनींनी खिडकीची जागा घेतली, कुंडी पायांत ठेवली, आणि मला पाणी आणायला पाठवलं. मी बाटली घेऊन परतलो तोवर कंडक्टरनं घंटी दिली होती. मी खिडकीतून बाटली वर दिली. भाऊ तेवढ्या वेळात झोपी गेले होते, मान मागे टाकून, तोंड सताड उघडं. वयनींनी बाटली घेतली, भाऊंकडे पाहिलं, दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर ढकलून तोंड मिटवलं. गाडी हलली तसं ते पुन्हा उघडलं. वयनींनी पुन्हा मिटवलं, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत बोटं तिथंच ठेवली.